विजेत्याच्या घरचें बोलावणें

युरोप खंडांतील पुरुषांच्या बास्केटबॉलच्या अजिंक्यपदाची स्पर्धा पहिल्यानें ज्या सहा वेळां भरली, त्यांचीं स्थळें ओळीनें मांडलीं म्हणजे एक चमत्कारिक यादी तयार होते. १९३५ सालीं जिनीव्हा, १९३७ सालीं रीगा, १९३९ सालीं कौनास, १९४६ सालीं पुन्हां जिनीव्हा, १९४७ सालीं प्राग आणि १९४९ सालीं कैरो. या यादींत लंडन नाहीं, पॅरिस नाहीं, बर्लिन नाहीं, रोमहि नाहीं. ज्यांचीं नांवें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं भूगोलाच्या पुस्तकाबाहेर क्वचितच ऐकलीं असतील, अशीं बाल्टिक प्रदेशांतील दोन नगरें येथें मानानें बसलेलीं आहेत. आणि शेवटचें नगर तर युरोपांत नसून नाईल नदीच्या काठीं आहे. हा केवळ योगायोग नव्हे. या स्पर्धेच्या आरंभींच्या काळांत एक साधी चाल पडली होती. ती ही कीं, जो संघ जिंकेल त्याच्या देशानें पुढल्या खेपेस सर्वांस आपल्या घरीं बोलवावें. या लहानशा चालीचा आणि तिच्या पायीं कांहीं लहान राष्ट्रांच्या वांट्यास आलेल्या मानाचा व खर्चाचा वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवावयाचें आम्हीं योजिलें आहे.

खेळांच्या इतिहासास आमच्याकडे फारशी प्रतिष्ठा नाहीं हें आम्ही जाणून आहों. लढाया, तह आणि राज्यारोहणें यांसच इतिहास म्हणावयाचें व बाकीचें सारें करमणुकीच्या सदरांत ढकलावयाचें ही आमची जुनी खोड आहे. परंतु ज्या राष्ट्राजवळ मोठें सैन्य नाहीं, आरमार नाहीं, ज्याची भाषा शेजाऱ्यासहि समजत नाहीं, त्यानें 'आम्हीहि एक राष्ट्र आहों' हें जगास सांगावें तरी कसें? 'यजमान' हा शब्द हल्लीं आपण पाहुणचार करणारा एवढ्याच अर्थीं वापरतों. मूळचा यजमान म्हणजे यज्ञ करविणारा. सामग्रीचा खर्च त्याचा, दक्षिणा त्याची, आणि फळहि त्याच्याच पदरीं पडावयाचें. बाल्टिक राष्ट्रांनीं जें यजमानपण केलें तें या जुन्या अर्थानें केलें, असें आम्हांस वाटतें.

या खेळाचें कूळ सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तें थोडक्यांतच सांगतों. १८९१ सालच्या हिंवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवच्या ख्रिस्ती तरुणसंघाच्या शाळेंत जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीस टांगून तो सुरूं केला. पुढें तो तरुणसंघ, म्हणजे ज्यास आपण वाय. एम. सी. ए. या अक्षरांनीं ओळखतों तो, जेथें जेथें गेला तेथें तेथें हा खेळहि गेला. मद्रासेस आणि मुंबईस नागपाड्याच्या वस्तींत तो रुजला, तसाच तो रीगा आणि तालिन येथेंहि रुजला. १९३२ सालच्या जून महिन्यांत जिनीव्हा येथें आठ राष्ट्रांनीं मिळून या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली. तीं आठ राष्ट्रें म्हणजे अर्जेंटिना, झेकोस्लोव्हाकिया, ग्रीस, इटली, लाटव्हिया, पोर्तुगाल, रुमानिया आणि स्वित्झर्लंड. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी यांचीं नांवें या मूळ पत्रिकेवर नाहींत, आणि लाटव्हियाचें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. मोठ्या राष्ट्रांना फुटबॉल होता, आरमार होतें, वसाहती होत्या. हा नवा खेळ त्यांस तितकासा गरजेचा नव्हता.

तीन वर्षांनीं, १९३५ सालच्या मे महिन्याच्या आरंभीं, जिनीव्हा येथें पहिली युरोपीय स्पर्धा भरली. दहा संघ आले. कोणीं यावें हें ठरविण्याची पद्धति त्या वेळीं अगदींच प्राथमिक होती. ज्यास प्रवासखर्च झेपेल तो येई. मात्र इबेरियन द्वीपकल्पांतून एकच संघ घ्यावयाचा असल्यामुळें स्पेन आणि पोर्तुगाल यांचा सामना माद्रिद येथें खेळविण्यांत आला. स्पेननें तो ३३ विरुद्ध १२ गुणांनीं जिंकला आणि जिनीव्हाची वाट धरली. पुढें ज्या पात्रताफेऱ्या वर्षावर्षभर चालूं लागल्या, त्यांचें बीज या एका सामन्यांत आहे. या स्पेननें जिनीव्हा येथें थेट अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. परंतु तेथें लाटव्हियानें त्याचा २४ विरुद्ध १८ असा पराभव केला.

आजच्या वाचकास हे आंकडे पाहून हंसूं येईल. हल्लीं एका सामन्यांत एकेक संघ ऐंशी-नव्वद गुण सहज करितो. पण त्या काळीं चेंडू अमुक सेकंदांच्या आंत टोपलीकडे टाकलाच पाहिजे असा निर्बंध नव्हता. एकदां पुढें गेलेला संघ चेंडू आपसांत खेळवीत राही, आणि प्रतिपक्ष त्याच्यामागें धांवून दमे. चोवीस गुण म्हणजे त्या काळीं भरघोस पीक होतें. असो. वाल्देमार्स बाउमानिस हा लाटव्हियाच्या संघाचा शिक्षक आणि रुदोल्फ्स युर्सिन्श हा त्यांतील उंच मध्यस्थानीचा खेळाडू. सुमारें वीस लाख वस्तीच्या, अवघ्या सतरा वर्षांमागें स्वतंत्र झालेल्या देशानें युरोपचें पहिलें अजिंक्यपद घरीं नेलें, आणि त्याबरोबर पुढच्या स्पर्धेचें यजमानपणहि नेलें.

१९३७ सालच्या मे महिन्यांत रीगा येथें आठ संघ जमले. गेल्या खेपेचा उपविजेता स्पेन त्यांत नव्हता. त्याच्या घरांत यादवी पेटली होती. त्याच्या जागीं कोणी दूरचा पाहुणा आला असेल तर तो इजिप्त. आफ्रिकेंतील राष्ट्र युरोपच्या अजिंक्यपदासाठीं कसें, हा प्रश्न त्या वेळीं कोणास फारसा टोंचला नाहीं. आफ्रिकेची अशी निराळी स्पर्धा तेव्हां अस्तित्वांतच नव्हती, आणि खेळणाऱ्यांची संख्या इतकी थोडी होती कीं, आलेल्या पाहुण्यास गोत्र विचारण्याची कोणास हौस नव्हती. ही गोष्ट पुढें बारा वर्षांनीं मोठ्या गमतीनें फळास आली, तें यथाक्रम सांगूं.

रीगा येथें यजमान सहावे आले! घरचें मैदान, घरचे प्रेक्षक आणि डोक्यावर मुकुट, असें सारें असतां सहावे. आणि मुकुट गेला तो शेजारच्या लिथुआनियाकडे, ज्याची गणना कोणीच करीत नव्हतें. अंतिम सामन्यांत लिथुआनियानें इटलीस २४ विरुद्ध २३ असें एकाच गुणानें हरविलें.

हा पराक्रम कसा घडला हें सांगावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे. लिथुआनियांत या खेळाची पेरणी करणारांत स्टेपोनास डारियस याचें नांव प्रथम घेतलें जातें. लहानपणीं अमेरिकेस गेलेला हा तरुण स्वदेश स्वतंत्र झाल्यावर १९२० सालीं परत आला, सैन्यांत वैमानिक झाला, आणि त्यानें कौनास येथें क्रीडांगण उभारण्याच्या कामीं पुढाकार घेतला. बास्केटबॉलचे नियमहि मातृभाषेंत लिहून प्रसिद्ध केले. १९३३ सालच्या जुलैंत तो व त्याचा सोबती स्टासिस गिरेनास यांनीं न्यूयॉर्कहून कौनासपर्यंत न थांबतां उड्डाण करण्याचें साहस केलें. अटलांटिक महासागर त्यांनीं ओलांडला. परंतु घर सुमारें साडेसहाशें किलोमीटर राहिलें असतां, जर्मनीच्या हद्दींतील अरण्यांत त्यांचें विमान कोसळलें आणि दोघेहि गेले. त्यांच्या नांवानें लिथुआनियांत गांवोगांव रस्ते आहेत. बास्केटबॉलची गोष्ट सांगतांना तेथील लोक विमानाच्या गोष्टीपासून आरंभ करितात, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. कारण दोन्ही गोष्टींत अमेरिकेस गेलेला मुलगा घरीं परत येतो.

डारियसच्या मागून आलेले मुलगे निराळ्या वाटेनें आले. पोटासाठीं अमेरिकेस गेलेल्या लिथुआनियन मजुरांचीं मुलें तेथील शाळा-महाविद्यालयांत हा खेळ उत्तम शिकलीं होतीं. त्यांपैकीं फेलिक्सास क्रियाउच्यूनास व प्रानास ताल्झूनास हे १९३७ सालीं रीगा येथें लिथुआनियाच्या बाजूनें उतरले. क्रियाउच्यूनास हा खेळाडूहि होता आणि शिक्षकहि होता. जिंकून परत आलेल्या संघास पाहण्यासाठीं कौनासच्या स्टेशनावर हजारों माणसें लोटलीं. कालपर्यंत मूठभर विद्यार्थ्यांचा असलेला खेळ एका आठवड्यांत राष्ट्राचा झाला. दुसऱ्याच वर्षीं, १९३८ सालीं, रोम येथें स्त्रियांची पहिली युरोपीय स्पर्धा भरली. तींत लिथुआनियाच्या स्त्रिया दुसऱ्या आल्या.

आतां चालीप्रमाणें १९३९ चें बोलावणें कौनासहून निघावयाचें होतें. पण कौनास म्हणजे काय? लिथुआनियाच्या राज्यघटनेप्रमाणें राजधानी होती विल्नियस. आणि विल्नियस १९२० सालापासून पोलंडच्या ताब्यांत होतें. कौनास ही केवळ तात्पुरती राजधानी. या एका दुःखापायीं लिथुआनिया आणि पोलंड या सख्ख्या शेजाऱ्यांत अठरा वर्षें वकिलातीचा संबंध नव्हता, नियमित टपाल नव्हतें, आगगाडीहि सरहद्द ओलांडीत नव्हती. १९३८ च्या मार्चांत पोलंडनें निर्वाणीचा खलिता धाडला, तेव्हां कोठें नाइलाजानें हे संबंध सुरूं झाले. अशा तात्पुरत्या राजधानींत पाहुण्यांसाठीं कायमची वास्तु उभारावयाची होती. शहरांत एवढ्या प्रेक्षकांस सामावून घेणारें आच्छादित क्रीडागृह नव्हतें. तें काम अनातोलियुस रोझेनब्लियूमास या स्थापत्यविशारदाकडे आलें, आणि अवघ्या थोड्या महिन्यांत हजारों प्रेक्षक बसतील असें क्रीडागृह ओकवृक्षांच्या उद्यानाशेजारीं उभें राहिलें. खास बास्केटबॉलसाठीं बांधलेलें युरोपांतील पहिलें क्रीडागृह म्हणून त्याची ख्याति आहे.

भिंती पुऱ्या होत होत्या तेव्हां युरोपचा नकाशा मोडत होता. १५ मार्च १९३९ रोजीं जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें, आणि जिनीव्हाच्या स्पर्धेंत तिसरा आलेला झेकोस्लोव्हाकिया हा देशच नाहींसा झाला. त्यानंतर एक आठवडा लोटतो न लोटतो तोंच जर्मनीनें लिथुआनियास दरडावून त्याचें एकुलतें एक बंदर क्लाइपेडा काढून घेतलें. बंदर गेलें त्यास दोन महिने होतात न होतात तों, २१ मे रोजीं, कौनास येथें पाहुणे जमूं लागले. लाटव्हिया, एस्टोनिया, पोलंड, फ्रान्स, इटली, हंगेरी, फिनलंड आणि यजमान मिळून आठ संघ. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें अशी योजना. म्हणजे आठ दिवसांत अठ्ठावीस सामने.

ज्या घरांतून नुकतेंच कांहीं लुटून नेलें आहे त्या घरीं लग्न काढावें काय, असा प्रश्न कोणी विचारील. हा पैसा तोफांवर खर्च झाला असता तर बरें, असेंहि म्हणतां येईल. आमचें मत तसें नाहीं. पंचवीस लाख लोकांनीं तोफा त्या कितीशा घेतल्या असत्या, आणि कोणाच्या विरुद्ध? पश्चिमेस हिटलर, पूर्वेस स्टालिन. कौनासच्या क्रीडागृहाचा खर्च त्या राष्ट्रास वांचवूं शकला नाहीं हें खरें. पण तो न केल्यानेंहि तें वांचलें नसतें. उलट त्या आठ दिवसांत पोलंडचे खेळाडू, ज्यांच्या सरकारनें वर्षापूर्वीं निर्वाणीचा खलिता धाडला होता तेच, कौनासच्या छपराखालीं पाहुणे म्हणून राहिले, यजमानांकडून हरले आणि तिसरे येऊन परत गेले. ज्या दोन राष्ट्रांत कालपर्यंत टपाल चालत नव्हतें त्यांच्यांत एवढें घडलें, हें आम्ही लहान मानीत नाहीं.

स्पर्धेचें सारें मर्म एका सामन्यांत आलें. पहिला विजेता लाटव्हिया आणि दुसरा विजेता लिथुआनिया यांची गांठ पडली, आणि सामना अखेरच्या क्षणापर्यंत दोलायमान राहिला. शेवटीं लिथुआनिया ३७ विरुद्ध ३६ असा एका गुणानें जिंकला. विजयाचा चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचें नांव फ्रँक लुबिन, लिथुआनियनांच्या भाषेंत प्रानास लुबिनास. आणि येथेंच वादास तोंड फुटलें.

लुबिन हा लॉस एंजेलिस येथें लिथुआनियन मातापित्यांच्या पोटीं १९१० सालीं जन्मला. तीनच वर्षांपूर्वीं, १९३६ सालीं, बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत तो अमेरिकेच्या संघाकडून खेळला होता. तेथील अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसांत, चिखलांत झाला आणि अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ असें हरविलें. सुवर्णपदक घेऊन लुबिन आईबापांचा देश पाहावयास गेला. पुढें तेथेंच राहून त्यानें तरुणांस हा खेळ शिकविला आणि १९३९ सालीं लिथुआनियाच्या संघाचें शिक्षकपण व नायकत्व दोन्ही पत्करलीं. मिकोलास रुझगिस, क्रियाउच्यूनास आणि आणखी एकदोघे अमेरिकेंत वाढलेले तरुणहि त्याच्या जोडीस होते. लाटव्हियाच्या गोटांतून हरकत निघाली कीं, हे लिथुआनियन नव्हेतच, हे अमेरिकन आहेत. यांच्या जोरावर मिळविलेला जय कसला?

ही हरकत निव्वळ पराभूताची कुरकूर म्हणून झटकून टाकण्याजोगी नाहीं. संघ पात्र ठरला, यजमानहि झाला. पण त्यांतील माणूस पात्र आहे कीं नाहीं हें कोणत्या कसोटीवर ठरवावयाचें? जन्मस्थानावर, रक्तावर, भाषेवर, कीं कागदावर? लाटव्हियाचे खेळाडू लाटव्हियांतच वाढले होते, तेथील थंडींत आणि तेथील अपुऱ्या साधनांत शिकले होते, आणि त्यांस वाटलेला विषाद आम्हांस समजतो. फिनलंडच्या संघाविरुद्ध लिथुआनियानें ११२ गुण केले आणि फिनलंडास ९ च करतां आले, हा आंकडा पाहिला म्हणजे या अमेरिकन शिक्षणानें केवढी दरी पडली होती तेंहि दिसतें. तरी पण आमचा कौल लुबिनच्या बाजूनें पडतो. दारिद्र्यानें ज्यांच्या आईबापांस देशोधडीस लावलें, त्यांच्या मुलांनीं परत येऊन आपली विद्या त्या देशास द्यावी, यांत उसनेपणा कसला? शिवाय त्या संघांत पुझिनाउस्कास, बाल्ट्रूनास, आंद्रुलिस, नोर्कुस असे मातींतलेच कितीतरी तरुण होते, आणि ते मागें उभे राहून पाहात नव्हते. आजच्या नियमांप्रमाणें एका राष्ट्राकडून ऑलिंपिक खेळलेल्या प्रौढ खेळाडूस दुसऱ्याकडून असें सहजासहजीं खेळतां येत नाहीं. हा नियम कडक झाला तें योग्यच झालें. पण त्या काळीं लुबिन ज्या नियमांखालीं खेळला त्यांखालीं तो पात्र होता, आणि सातहि सामने जिंकून लिथुआनिया निर्विवाद विजेता ठरला. लाटव्हिया दुसरा आला.

२८ मे रोजीं पाहुणे आपापल्या घरीं गेले. त्यानंतर त्यांच्या घरांचें काय झालें तें तारखांनींच सांगावें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं पोलंडवर जर्मनीची स्वारी झाली. ३० नोव्हेंबरला रशियानें फिनलंडवर हल्ला केला. १० जून १९४० रोजीं इटली महायुद्धांत उतरली. १४ जूनला जर्मन सैन्य पॅरिसमध्यें शिरलें. त्याच दिवशीं मध्यरात्रीच्या सुमारास मॉस्कोनें लिथुआनियास निर्वाणीचा खलिता दिला, आणि १५ जूनला सोव्हिएत रणगाडे कौनासमध्यें आले. दोन दिवसांत लाटव्हिया आणि एस्टोनिया यांचीहि तीच गत झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस हंगेरी जर्मनीच्या गोटांत सामील झाली. आठ पाहुण्या-यजमानांपैकीं एकहि घर धड राहिलें नाहीं. चालीप्रमाणें १९४१ चें बोलावणें पुन्हां कौनासहूनच निघावयाचें. तें कोणी लिहिलें नाहीं, कारण लिहिणारें राष्ट्रच उरलें नव्हतें. लुबिन युद्ध पेटल्यावर अमेरिकेस परतला. त्याच्या जोडीदारांपैकीं कित्येक पुढें निर्वासित होऊन पश्चिमेस गेले.

युद्धानंतर १९४६ सालीं स्पर्धा पुन्हां जिनीव्हासच भरली. जणूं सारें पहिल्यापासून आरंभावयाचें होतें. मेलेला झेकोस्लोव्हाकिया पुन्हां जिवंत झाला होता, आणि त्यानेंच इटलीस ३४ विरुद्ध ३२ असें हरवून मुकुट मिळविला. म्हणून १९४७ ची स्पर्धा प्रागला. तेथें सोव्हिएत संघ प्रथमच उतरला आणि पहिल्याच खेपेस विजयी झाला.

विजयी संघाची नांवनिशी मात्र वाचण्यासारखी आहे. तींत स्टेपास बुटाउटास आहे, युस्टिनास लागुनाविचियुस आहे, काझिस पेटकेविचियुस आहे. हे सारे लिथुआनियन. इल्मार कुल्लाम आहे, तो एस्टोनियन. बुटाउटास १९२५ सालीं कौनास येथें जन्मला. त्याच्या गांवीं ती स्पर्धा झाली तेव्हां तो तेरा वर्षांचा होता. बावीसाव्या वर्षाच्या आंतच तो युरोपचा विजेता झाला, पण अंगावरच्या सदऱ्यावर देशाचें नांव निराळें होतें. या तरुणांस कोणी दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यास खेळतां येतें तो खेळणार. ध्वज कोणता उभारावयाचा हें त्याच्या हातीं नव्हतें. मोठ्या सत्तेनें लहान राष्ट्राचें राज्य तर घेतलेंच, पण त्याची कसबी माणसेंहि आपल्या नांवावर मांडलीं. पुढें सोव्हिएत संघानें हें अजिंक्यपद एकूण चौदा वेळां मिळविलें. त्यानें ही स्पर्धा आपल्या घरीं भरविली ती १९५३ सालीं मॉस्कोस आणि १९६५ सालीं मॉस्को व त्बिलिसी येथें. रीगा किंवा कौनास येथें एकदांहि नाहीं.

चालीचा सर्वांत मौजेचा प्रसंग मात्र १९४९ चा. प्रागचा विजेता या नात्यानें यजमानपण सोव्हिएत संघाकडे आलें, आणि त्यानें तें नाकारलें. दुसरा आलेला झेकोस्लोव्हाकिया नुकताच यजमान होऊन गेला होता. तिसरा कोण? तर इजिप्त! रीगा येथें ज्यास कोणी गोत्र विचारलें नव्हतें, तो पाहुणा आतां युरोपच्या अजिंक्यपदाचा यजमान झाला. कैरोपर्यंतचा प्रवास अनेक युरोपीय राष्ट्रांस झेपला नाहीं किंवा रुचला नाहीं. सातच संघ आले. फ्रान्स, ग्रीस आणि हॉलंड हे युरोपचे, तुर्कस्थान उंबरठ्यावरचें, सीरिया आणि लेबनॉन आशियाचे, आणि यजमान आफ्रिकेचा. इजिप्तनें सारे सामने जिंकले आणि तो युरोपचा विजेता म्हणून नोंदला गेला. ही नोंद आजहि तशीच आहे. ज्या काळांत युरोपीय राष्ट्रें आफ्रिका आपसांत वांटून बसलीं होतीं, त्या काळांत आफ्रिकेंतील एका देशानें युरोपचें अजिंक्यपद रीतसर, नियमानें, घरीं बोलावून घेतलें, याची गंमत आमच्या वाचकांस निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

त्यानंतर ती चाल सैल झाली. इजिप्त विजेता असतांहि १९५१ ची स्पर्धा पॅरिसला भरली, आणि तेथें अठरा संघ आले. संघ वाढले तसे सर्वांस एकदम बोलावणें अशक्य झालें. पात्रताफेऱ्या सुरूं झाल्या, आणि यजमानपण हें जिंकून मिळविण्याचें न राहतां अर्ज करून, जामीन भरून, क्रीडागृहांचे नकाशे दाखवून मिळविण्याचें झालें. यजमानास पात्रताफेरीच्या निकालाची चिंता नसते, हा त्या जुन्या मानाचा अवशेष तेवढा राहिला. परंतु अर्ज मंजूर होऊनहि यजमानपण हातचें जातें. २०१५ ची स्पर्धा युक्रेननें मिळविली होती. २०१४ सालीं त्या देशावर जें संकट कोसळलें त्यापायीं ती काढून फ्रान्स, क्रोएशिया, जर्मनी आणि लाटव्हिया या चार देशांत वांटून द्यावी लागली.

लिथुआनियानें १९९० सालीं स्वातंत्र्य पुन्हां पुकारलें. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्यें त्याच्या संघानें ब्राँझपदक मिळविलें तें जुन्या सोव्हिएत राष्ट्रांच्या संयुक्त संघास ८२ विरुद्ध ७८ असें हरवून. युरोपचें अजिंक्यपद पुन्हां हातीं येण्यास मात्र २००३ साल उजाडावें लागलें. स्वीडनमध्यें त्यानें स्पेनला नमविलें, आणि १९३९ नंतर चौसष्ट वर्षांनीं मुकुट घरीं आला. लुबिन त्याच्या चारच वर्षें आधीं, १९९९ सालीं, वारला होता. २०११ सालीं स्पर्धाहि घरीं आली. या वेळीं चोवीस संघ होते, आणि कौनास येथें दुसरें, कितीतरी मोठें क्रीडागृह बांधण्यांत आलें. जुनेंहि उभें आहेच. तेथें उपान्त्यपूर्व सामन्यांत, हजारों घरच्या प्रेक्षकांदेखत, मॅसिडोनियासारख्या लहान देशानें यजमानांस ६७ विरुद्ध ६५ असें हरविलें. लिथुआनिया पांचवा आला. १९३७ सालीं ज्याची गणना कोणी करीत नव्हतें, त्या लिथुआनियाचेंच काम या वेळीं मॅसिडोनियानें केलें.

आणि २०२५ च्या सप्टेंबरांत स्पर्धेचे अखेरचे सामने पुन्हां रीगा येथें आले. सायप्रस, फिनलंड आणि पोलंड यांच्या बरोबरीनें लाटव्हिया यजमान होता. ६ सप्टेंबर रोजीं बाद फेरीच्या आरंभींच यजमानांची गांठ कोणाशीं पडावी? लिथुआनियाशीं. अठ्ठ्यायशीं वर्षांपूर्वीं जेथून लिथुआनियानें पहिला मुकुट नेला होता त्याच नगरांत त्यानें लाटव्हियास ८८ विरुद्ध ७९ असें हरविलें. दोन्ही संघांतल्या खेळाडूंच्या सदऱ्यांवर आपापल्या देशाचींच नांवें होतीं.